'बरं' होकारात धरलं
ऋताच्या मराठीचं ऑफिसात फार कौतुक होतं, कारण ती तपासणारं तिथे कुणीच नव्हतं. कोलकात्याजवळच्या न्यू टाउनमधली तिची कंपनी म्हाताऱ्या माणसांना आपणहून फोन करून गप्पा मारणारं यंत्र बनवत होती. यंत्राने तब्येतीची चौकशी करायची आणि शेवटी विचारायचं, ही माहिती आमच्या भागीदार कंपन्यांना द्यायला हरकत नाही ना? मराठीसाठी माणूस हवा होता, तर कोलकात्यातच जन्मलेली ऋता सापडली. तिने ढीगभर संभाषणं ऐकली आणि प्रत्येक उत्तरापुढे खूण केली. खुणा दोनच, होकार किंवा नकार; त्यांवरूनच यंत्र पुढे उत्तरं ओळखायला शिकणार होतं. लोक सारखे 'बरं' म्हणत. ऋताने 'बरं' होकारात टाकलं. आता 'बरं' म्हणजे कधी होकार, कधी नुसतंच 'ऐकलं', कधी 'पुरे, ठेव फोन', हे मराठी घरातलं शेंबडं पोरही सांगेल. तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिसरा रकाना नव्हता आणि तिला भूक लागली होती.

कोलकात्यातच, गार्डन रीचला, तिची शकुनआत्या एकटी राहायची. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावरही तिने शहर सोडलं नाही. ऋताने खटपट करून आपल्या घराजवळच्या वृद्धनिवासात तिच्यासाठी खोली ठरवली. आत्याने भांडीकुंडी वाटून टाकली, घरमालकाला घर सोडते म्हणून सांगितलं. आणि ऐनवेळी निवासाचा निरोप आला, विस्मरणाचा त्रास असलेल्यांना आम्ही घेत नाही.

"विस्मरण? कुणी सांगितलं यांना?" ऋता तणतणली.

आत्या पदराशी चाळा करत बसली. "अगं, एका मुलीचा फोन येतो. चक्क मराठीत बोलते! इतकी वर्षं झाली, इथे परक्या माणसाने कधी 'जेवलात का' म्हणून मराठीत विचारलं नव्हतं. तिला म्हटलं होतं मी, हल्ली गॅस चालू राहतो, नावं आठवत नाहीत. तुला नाही सांगितलं. तू घाबरशील म्हणून."

ती मुलगी कोण, हे ऋताच्या लगेच लक्षात आलं. ऑफिसात जाऊन तिने आत्याचं संभाषण शोधून काढलं. यंत्राने गोड आवाजात तो प्रश्न विचारला. "बरं," आत्या म्हणाली. "बरं बाई, माझा कुकर झालाय. बरं." पुढे यंत्राने केलेली खूण होती: होकार, निःसंशय.

तिचा वरिष्ठ अभिषेकदा माणूस भला होता, हीच तर पंचाईत. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, खरोखर हळहळला. पण गेलेली माहिती परत कशी आणायची? ती कुणाकुणाकडे पोचली, हे त्यालाही सांगता येईना.

"मग निदान यापुढे तरी 'बरं' होकारात धरू नका."

"'बरं' काढलं तर मराठीत संमती उरतेच किती?" तो म्हणाला. तरी त्याने विषय समितीकडे पाठवला. कंपनीत यंत्राच्या जबाबदार वापरासाठी खास समिती होती. तिचं उत्तर आलं, अगदी सभ्य: खुणा मराठी मातृभाषा असलेल्या तज्ज्ञाने केल्या आहेत, सबब संमती वैध आहे.

तज्ज्ञ म्हणजे ऋता. तिला स्वतःची किळस आली.

निवासात जाऊन तिने हातापाया पडून पाहिलं. तिथली बाई म्हणाली, नावापुढे लाल खूण आली आहे, मी तरी काय करू? खोली दुसऱ्या कुणाला गेलीसुद्धा होती.

संध्याकाळी ती गार्डन रीचला गेली. रिकाम्या झालेल्या स्वयंपाकघरात बसून तिने आत्याला सगळं सांगितलं, स्वतःची खूणही.

"म्हणजे ती मुलगी नव्हतीच?" आत्याने विचारलं.

"नव्हती."

आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "खोलीचं होईल ना गं काही?"

"बघू, आत्या."

'बघू' म्हणजे नाही, हे आत्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"बरं," ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. ऋताने तो बंद करायला हात पुढे केला, पण आत्याने आधीच उचलला होता. तिचा चेहरा उजळला. सकाळपासून त्या घरात गॅस पेटला नव्हता.

"हो गं," ती म्हणाली, "जेवले."