फोटो घ्या, नाव नको

मित्रांनो, आजवर मी इतक्या लोकांच्या पोटात डोकावले आहे की मोजदाद नाही, पण माझ्या पोटात काय आहे ते मला कुणी कधी विचारले नाही. आज मीच सांगते. मी एक जुनी सोनोग्राफी मशीन आहे. हातात उचलून नेता येते अशी. मला पेटीसारखे झाकण आहे, झाकणात पडदा आहे आणि वायरच्या टोकाला साबणाच्या वडीएवढा एक तुकडा आहे. तो पोटावर फिरवला की आतले सगळे पडद्यावर! भीती वाटली की पोटात गोळा येतो म्हणतात ना? मी तर खरोखरचे गोळे पाहिले आहेत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला एक गोष्ट अगदी घोटून शिकवली: फोटो काढलास की वरच्या कोपऱ्यात माणसाचे नाव, गाव आणि वय लिहायचे. विसरायचे नाही! कारण एकाचे पोट दुसऱ्याच्या नावावर गेले, तर शस्त्रक्रिया भलत्याचीच व्हायची. मला हे फार पटले आणि त्यात मी कधी चूक केली नाही.

पहिली वर्षे मी एका मोठ्या शहरात गरोदर बायकांच्या दवाखान्यात होते. काय थाट होता माझा! बाळ दिसले की बायका रडायच्या, नवरे पडद्याला हात लावायचे आणि परिचारिका मला मऊ फडक्याने पुसायच्या. मग एक नवी, सडपातळ मशीन आली आणि मी कपाटात गेले. माझ्या डोक्यावर कागदांचे गठ्ठे चढले. असे किती दिवस गेले, देव जाणे. एक दिवस झाकण उघडले आणि खणखणीत आवाज आला, "चालू होते ना? मग द्या इकडे. म्हातारी असली तरी चालेल, मीपण कुठे कोवळी आहे!"

या उलकान एजे. एजे म्हणजे तिकडच्या भाषेत ताई. किरगिझस्तानातल्या अलाय खोऱ्यातल्या छोट्या रुग्णालयाच्या डॉक्टर. त्यांनी मला जाड लोकरी नमद्यात गुंडाळले आणि डोंगरात नेले. उन्हाळ्यात मेंढपाळांची कुटुंबे उंच कुरणांवर तंबू ठोकून राहतात. आम्ही खडखड्या गाडीतून तंबूतंबूत जायचो. पोटावर लावायचे जेल तिथे इतके गार व्हायचे, की एक आजोबा ओरडले, "अगं पोरी, हे औषध आहे की हिमनदी?"

"गप पडा, आजोबा," एजे म्हणाल्या. "हिमनदी तरी बरी, ती बडबडत नाही."

आम्ही शोधत होतो एक चोर आजार. मेंढी कापली की तिचे काळीज, आतडी कुत्र्यापुढे टाकायची, ही तिथली रीत. त्या काळजात कधी कधी एका बारीक जंताची पिल्ले दडलेली असतात. ती कुत्र्याच्या पोटात मोठी होतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या केसांना चिकटतात आणि कुत्र्याला कुरवाळणाऱ्या हातांतून माणसाच्या तोंडात जातात. मग यकृतात पाण्याचा फुगा धरतो आणि वर्षानुवर्षे निमूट वाढत राहतो. कुत्र्यांना वेळेवर औषध दिले की हे सगळे थांबते. पण ते औषध राजधानीतून यायचे आणि राजधानीला आमचे खोरे दिसतच नव्हते. म्हणून एजेंनी ठरवले की हे सारे लिहायचे आणि वैद्यकीय जर्नलला पाठवायचे. तेही असे जर्नल, जे जगात कुणालाही फुकट वाचता येते. म्हणजे 'आम्हांला वाचायला मिळालेच नाही' असे म्हणायची कुणाची सोय नको!

माझ्याजवळच्या फोटोंत सगळ्यात स्पष्ट फोटो होता पेरिझातचा. पेरिझात गावातल्या शाळेत लहान मुलांना शिकवायची. तिच्या यकृतातल्या मोठ्या फुग्यात पिल्लू-फुगे असे दाटीने बसले होते, की वाटावे मधाचे पोळेच. तिची शस्त्रक्रिया झाली, ती ठणठणीत झाली आणि तिचे लग्नही ठरले. एजेंनी फोटो छापायची परवानगी मागितली तेव्हा ती म्हणाली, "फोटो घ्या, नाव नको. होणाऱ्या नवऱ्याला मी सगळं सांगितलंय, पण सासूला माहीत नाही. शिवलेल्या पखालीत दूध टिकत नाही म्हणतात आमच्याकडे, म्हणजे पोट शिवलेली सून नको. तिच्या कानावर गेलं तर लग्न मोडलंच समजा."

"तुझं नाव कुणालाही दिसणार नाही," एजे म्हणाल्या. "माझा शब्द."

हिवाळ्यात पेपर पाठवायचा दिवस उजाडला. शेगडी धगधगत होती आणि एजे संगणकासमोर बसल्या होत्या. त्यांच्या मानेवर श्वास सोडत उभे होते मुख्य डॉक्टर, ओरोझबेक आगाय, म्हणजे आपल्याकडचे सर. जर्नलचे पान एकामागून एक प्रश्न विचारत होते. प्रत्येक लेखकाने नेमके काय केले, हा प्रश्न आला आणि ठिणगी पडली.

"माझं नाव पहिलं घाल," आगाय म्हणाले.

"काय काम केलं ते लिहावं लागतं, आगाय."

"काम म्हणजे? मी मुख्य डॉक्टर आहे!"

"ते पद झालं."

"मग लिही, प्रेरणा दिली."

"प्रेरणेला इथे रकाना नाही."

"असं? आणि गाडी कुणी दिली? डिझेल कुणी दिलं? मेंढीवर बसून जाणार होतीस का डोंगरात?"

"त्यासाठी शेवटी आभार असतात. तिथे तुमचं नाव ठसठशीत घालते."

"आभार! आभार तर लग्नात स्वयंपाक्याचेही मानतात!"

या भांडणातच घात झाला, मित्रांनो. पेपरातल्या फोटोवर एजेंनी नाव झाकायला काळी पट्टी चिकटवली होती. पण पान म्हणाले, प्रत्येक फोटो वेगळा पाठवा, मोठा आणि स्पष्ट. एजेंनी एका कानाने आगायांचे ऐकत मला वायर जोडली, मूळ फोटो माझ्यातून काढून घेतला आणि चढवला. जसाच्या तसा, नाव, गाव, वय यांसकट. पट्टी राहिली तिकडे! मला ओरडता आले असते तर!

मग पानाने विचारले, तज्ज्ञांची तपासणी व्हायच्या आधीच पेपर सगळ्यांना वाचायला खुला करायचा का?

"हो म्हण, हो म्हण!" आगाय म्हणाले. "आपल्याला वसंतात औषध हवंय. तज्ज्ञांचं काय, ते पुढच्या बर्फापर्यंत चष्मे पुसत बसतील."

एजेंनी 'हो' म्हटले आणि 'सादर करा'चे बटण दाबले. दोघेही भांडण विसरून हसले. चहा ओतला, बोरसोकचे, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचे, ताट पुढे ओढले.

तेवढ्यात दार ढकलून पेरिझात आत आली. गाल थंडीने लाल झालेले. "एजे, उद्या सासू माझ्या कानात झुमके घालायला येतेय. एकदा झुमके घातले की सोयरीक पक्की. तुम्ही यायचंच. मांस कमी पडेल, पण टोमणे भरपूर आहेत."

तिचे लक्ष माझ्या उघड्या पडद्याकडे गेले. "ही मीच ना? अगं बाई, आतून किती लठ्ठ दिसते मी!" मग तिने कोपऱ्याकडे पाहिले आणि तिचे हसू मावळले. "हे माझं नाव… हे तिकडे नाही ना गेलं?"

"वेडी का तू? चांगली जाड काळी पट्टी लावलीये मी, अशी की…"

एजे तिथेच थांबल्या. पेला खाली ठेवला. त्या सावकाश संगणकाकडे वळल्या. पानावर लिहिले होते, 'आपला पेपर मिळाला. प्राथमिक पाहणी होताच तो खुला केला जाईल.' परत घ्यायचे बटण त्यांनी वर शोधले, खाली शोधले. कुठेच नव्हते.

"एजे?" पेरिझातने हळूच विचारले. "वाचलं का तिकडच्या लोकांनी?"

"अजून नाही. थांबवते मी. आत्ता थांबवते." एजेंनी जर्नलचा पत्ता शोधला, पत्र लिहायला घेतले, दोन ओळी झाल्या आणि वीज गेली. हिवाळ्यात ती जायचीच. संगणक काळा झाला. खोलीत उजेड उरला तो एकट्या माझ्या पडद्याचा, कारण माझ्याजवळ बॅटरी होती. थकलेली, पण होती.

"वीज आली की कळव," आगाय म्हणाले.

"तोवर खुला झाला तर?"

"हे बघ उलकान, आता मधेच थांबवलंस तर ते आपल्याला रांगेत मागे ढकलतील. वसंत हातचा जाईल. एका नावासाठी सगळ्या खोऱ्याचं औषध अडवायचं?"

पेरिझातने कानाची रिकामी पाळी धरून ठेवली होती.

"आगाय," एजे म्हणाल्या, "हिचं नाव फुटलं तर पुढच्या उन्हाळ्यात या खोऱ्यातली एकतरी बाई या मशीनखाली निजेल का? मी पोटं बघते ती माझ्या शब्दावर. शब्द गेला की उरलं काय? गाडी!"

आगायांनी शेगडीकडे पाहिले, बोरसोकच्या ताटाकडे पाहिले आणि भिंतीवरची किल्ली काढली. "आभारात मला मुख्य डॉक्टर नको म्हणूस," ते गुरगुरले. "गाडीवान म्हण. चला!"

वीज गेली की गावातला मोबाइलचा मनोराही झोपायचा. पलीकडच्या शहराचा मनोरा फक्त खिंडीजवळच्या टेकडीवरून लागायचा. एजेंचा फोन शेवटच्या घटका मोजत होता, पेरिझातचा साधा बटणांचा आणि आगायांचा घरी. ("बायकोने काढून घेतलाय. म्हणते, तुम्ही त्यात नुसत्या कुस्त्या बघता.") गाडीतला चार्जिंगचा खळगा केव्हाच मेलेला. मग एजेंची नजर माझ्यावर पडली. माझ्या बाजूला वायर जोडायची एक खाच आहे. त्यांनी त्यात फोन जोडला आणि मला पेरिझातच्या मांडीवर ठेवले.

मित्रांनो, ती वाट मी जन्मात विसरणार नाही. गाडी बर्फावरून घसरत होती, आगाय गाडीला शिव्या देत होते, एजे फोनवर पत्र लिहीत होत्या आणि माझी शक्ती त्या बारीक वायरीतून थेंबथेंब चालली होती. मी पेरिझातच्या पोटाला टेकले होते. तिथेच तो शस्त्रक्रियेचा व्रण होता.

टेकडीखाली गाडी रुतली. मग पायी! पुढे आगाय बर्फ तुडवत, मागे फोन धरून एजे, त्यांच्यामागे मला छातीशी धरून पेरिझात. मधे वायर! एकीने पाय लांब टाकला की दुसरी ओढली जायची.

"हळू, एजे! तुटेल!"

"तू जवळ ये ना, काय शेळीसारखी मागे राहतेस!"

वर पोहोचल्यावर पत्र गेले. लगेच उत्तर आले! एजेंनी मोठ्याने वाचले, "'आपल्या पत्राबद्दल धन्यवाद. कामाच्या काही दिवसांत आम्ही उत्तर देऊ.' अरे, काही दिवसांत?" पण खाली तातडीच्या कामासाठी फोनचा क्रमांक होता. एजेंनी तो लावला. समुद्रापलीकडे कुठेतरी एक बाई बोलली. एजेंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत जीव ओतला. फोटो. नाव. मुलीचे नाव. थांबवा. त्या बाईने पेपरचा क्रमांक विचारला, एजेंनी सांगितला आणि बाई म्हणाली, "जरा थांबा."

मग नुसती वाट पाहणे. वारा. माझा पडदा फिका होत गेला. पेरिझातने मला आपल्या कोटात घेतले, जेल गोठू नये म्हणून एजे त्याची बाटली घ्यायच्या तसे. मी उरलेसुरले सगळे ओतले आणि विझले.

पुढचे मी अंधारात ऐकले. फोनमधली बाई परत आली. एजे नुसत्या "हो, हो" करत होत्या. मग त्या खाली बर्फातच बसल्या असाव्यात, कारण आवाज खालून आला. "खुला झाला नव्हता. थांबवलाय. तुझं नाव कुणी पाहिलं नाही, पेरिझात."

पेरिझात मला धरून हमसून हमसून रडली.

"आणि रांग?" आगायांनी विचारले.

"पुन्हा शेवटून. वसंतातलं औषध गेलं, आगाय."

मग आगाय म्हणाले, "तोवर काळीज कुत्र्यापुढे न टाकता पुरायचं. मी स्वतः दारोदार फिरून सांगतो. माझ्या शिव्या तरी कामाला येतील."

आणि ते खरेच फिरले! दुसऱ्या दिवशी झुमकेही घातले गेले. पुढे पेपर नव्याने गेला, तज्ज्ञांनी चष्मे पुसून पुसून तपासला आणि शरदात तो जगाला खुला झाला. त्यात पेरिझातचे यकृत आहे, वरचा कोपरा कापलेले. कुत्र्यांचे औषधही आले, उशिरा का होईना. माझी बॅटरी मात्र त्या टेकडीवर गेली ती गेलीच. आता मी भिंतीच्या वायरीला बांधलेली असते. वीज असली तरच माझा उपयोग. नवी बॅटरी मागवायचे सगळ्यांच्या मनात असते आणि सगळे विसरतात.

मधे एकदा पेरिझात सासूला, सालिमा आपांना, तपासायला घेऊन आली. आपा खाटेवर ताठ बसून होत्या. आडवे व्हायला तयार नाहीत. पेरिझातने आपला नवा फोन त्यांच्यापुढे धरला. "आई, हे यकृत बघा. जगभरचे डॉक्टर बघतात हे. कुणाचं असेल?"

"मला काय ठाऊक? कुणातरी बिचारीचं."

"माझं."

एजेंनी माझी बटणे सोडून वर पाहिले.

आपांनी सुनेकडे पाहिले. "लग्नाआधी का नाही बोललीस?"

"तुम्ही झुमके परत नेले असते."

"नेले असते," आपा म्हणाल्या. अगदी सरळ. मग त्यांनी सुनेच्या कानांकडे पाहिले. "आता कुठे नेऊ? कानाला चिकटलेत ते तुझ्या. सरक तिकडे, मला आडवं होऊ दे."

मित्रांनो, तीच गोष्ट, तेच यकृत. पण ती त्या दिवशी संगणकातून फुटली असती, तर एका मुलीचे घर मोडले असते. तिने स्वतः, आपल्या वेळी, आपल्या तोंडाने सांगितली, तेव्हा काहीच मोडले नाही. तुमच्या मोबाइलमध्येही मित्रमैत्रिणींचे किती फोटो असतील, किती गुपिते असतील! बटण दाबण्याआधी कोपरे नीट बघा आणि ज्याचे आहे त्याला एकदा विचारा. दाबल्यावर मागे धावायला प्रत्येकाला गाडी मिळत नाही. आणि घरात माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल, तर त्याच्या बॅटरीकडे आजच लक्ष द्या. त्याला स्वतःहून सांगता येत नाही.