ओट्यावरची खांडवी

जुन्या बांधणीच्या साडीचा पडदा, एका बाजूनं चार बोटं आखूड.

"त्या घराचं पाणी माझ्या घशाखाली उतरायचं नाही."

रंगाचा रिकामा डबा, उपडा घातलेला, वर गोधडीची घडी शिवून बसवलेली. झालं स्टूल.

केयूरनं स्वतः जोडलेली बेल. इथे दाबली की शेजारच्या पारेखांकडे वाजते.

ताक किती? बेसनाच्या दुप्पट की तिप्पट?

संगमरवराचा ओटा. म्हणजे संगमरवराचं चित्र.

या सगळ्याची माळ ओवायची तर दोरा बिजलच्या हातात होता, आणि बिजलचे हात बेसनानं बरबटले होते.

भावनगरच्या जुन्या वस्तीतल्या भरल्या घरातून केयूर आणि बिजल बाहेर पडले, गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी वापरलेला फ्लॅट घेतला, त्या दिवशी केयूरच्या आईनं अंगणात उभं राहून सगळ्यांसमोर ते पाण्याचं वाक्य ऐकवलं. बा एकदा बोलल्या की बोलल्या. वास्तुपूजेला आल्या, हात जोडले, तोंडभरून आशीर्वादही दिला. मग पिशवीतून स्वतःची बाटली काढून पाणी प्यायल्या. प्रसादाची लापसी रुमालात बांधून घरी नेली आणि तिथे खाल्ली. ती बाटली सगळ्या गोतात गाजली. लग्नाकार्यात बायका बिजलला विचारायच्या, सासूबाई अजून बाटली घेऊनच येतात का गं?

आज बा पुन्हा येणार होत्या. रंगरंगोटी संपली म्हणून जवळच्या माणसांना नाश्त्याला बोलावलं होतं. हांडवो, पातरा, लसणाची चटणी आणि परात भरून खांडवी, म्हणजे सुरळीच्या वड्या. सगळं घरी केलेलं. स्वस्तात होतं, असं बिजल सगळ्यांना सांगत होती. खरं कारण वेगळंच. बा बाहेरचं खात नाहीत. हातचं असेल तर कदाचित. एक घास. मागोमाग एक घोट.

"हा नाश्ता नाही, सापळा आहे," केयूर म्हणाला.

"तू पडद्याचं बघ. आखूड झालाय."

"पडदा बरोबर आहे. जमीन तिरकी आहे."

त्यानं या घरात जे जे केलं होतं ते असंच बरोबर होतं. कपाटाची दारं घासून रंगवली, ती आता मिटत नव्हती. ओट्याचा जुना दगड डागाळलेला होता आणि ग्रॅनाइट परवडणारं नव्हतं. मग मोबाइलवर बघून बघून त्यानं दगडावर संगमरवरी नक्षीचा चिकटकागद लावला होता. नाव कागद, मुळात प्लास्टिक. फुगे आले तिथे टाचणी टोचून हवा काढली. लांबून बघितलं तर राजवाडा. जवळून बघू नये.

आणि खांडवी काही केल्या जमत नव्हती. ताटाच्या पाठीवर पीठ फासायचं, पट्ट्या कापायच्या, गुंडाळायच्या. एवढंच तर. पहिल्या खेपेला ओघळ. दुसऱ्या खेपेला गोळे. ही तिसरी. ढवळून ढवळून खांदा भरून आलेला, आणि कान दाराकडे.

बेल वाजली. पारेखांकडे.

"केयूरभाई, तुमचे पाहुणे आलेत! घेऊन जा!"

बा आत आल्या. मागून मोठी जाऊ, स्मिताभाभी. बांच्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीतून बाटलीचं निळं झाकण वर डोकावत होतं. बिजलला बांचा चेहरा दिसलाच नाही. झाकण तेवढं दिसलं.

"वा, छान सजवलंस हं," भाभी म्हणाल्या. "हा पडदा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतोय."

"तुमचीच साडी, भाभी. तुम्ही भांडीवालीला देणार होतात ती."

"तिनं डबा तरी दिला असता."

"मी खांडवी देते ना."

"देशील, देशील. सध्या तर करपल्याचा वास येतोय."

बिजल धावली. मागोमाग बा. पीठ करपलं नव्हतं, नेमकं तयार झालं होतं, कढईच्या कडा सोडत होतं. खांडवीची ही वेळ आली की श्वास घ्यायलाही सवड नसते. जरा निवलं की पीठ पसरत नाही. ताट? ताटावर मघाचे गोळे चिकटलेले. दुसरं? त्याच्यावर हांडवो. बिजल ताट खरवडायला गेली.

बांना हे बघवेना. त्यांच्या घरी खांडवीला ताट कधी लागलंच नव्हतं. ओटा पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि पीठ सरळ दगडावर ओतायचं. त्यांच्या सासूनं तसंच केलं, त्यांनीही तसंच. पदर खोचला, तेलाचा हात फिरवला, कढई उचलली.

"बा, थांबा, तो..."

ओतलं.

वाटीच्या बुडानं बांनी ते असं पसरवलं की बिजल बघतच राहिली. रेशमासारखं पातळ, पिवळंधमक. क्षणभर सगळं सुंदर.

मग संगमरवर हलला. एक फोड आला. शेजारी दुसरा. नक्षीतल्या रेषा आक्रसून एकमेकींजवळ आल्या. जळक्या प्लास्टिकचा वास. बांनी पट्टी कापून गुंडाळायला घेतली, तर खांडवीबरोबर ओटाही गुंडाळला जायला लागला.

"हे काय आहे?"

"संगमरवर," केयूर दारातून म्हणाला.

भाभींनी तोंडाला पदर लावला. पदर हलत होता.

बा हातातल्या गुंडाळीकडे बघत होत्या. कानाच्या पाळ्या लाल. संपलं, बिजलला वाटलं. आता पिशवी उचलतील. आता नातेवाईकांत बाटलीच्या जोडीला ओटा. मी आधी का सांगितलं नाही? मी ताट आधी का धुतलं नाही?

"मला दगडच वाटला," बा म्हणाल्या. इतक्या बारीक आवाजात बा बोलू शकतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. लगेच त्यांनी नेहमीचा आवाज लावला. "सरक तू. बेसन कुठे ठेवतेस? मी घालते दुसरा घाणा."

सरकायचं?

सरकलं की सोपं. बा करणार, फक्कड करणार, खूश होणार. कदाचित पाणीही पिणार. याचसाठी तर एवढा खटाटोप. पण मग हाही ओटा बांचाच. हेही घर तेच घर, नुसतं गावाच्या दुसऱ्या टोकाला.

बिजल सरकली नाही.

"बा, तुम्ही बसा. मी करते."

चुलीजवळ उभ्या असलेल्या बांना कुठल्या सुनेनं बसा म्हटलेलं नव्हतं. भाभींचा पदर हलायचा थांबला. बांनी बिजलकडे बघितलं, मग डब्याच्या स्टुलाकडे. बसल्या.

केयूरनं कागद टराटरा ओढून काढला. खालून जुना हिरवट दगड निघाला, डागांसकट. बिजलनं तो घासला, पुसला, तेल लावलं. बेसनात ताक ओतलं.

"ताक जास्त होतंय."

"असू दे, बा."

"हळद कुठे दिसतेय?"

"आहे."

"गॅस बारीक कर."

"बारीकच आहे."

"उलट उत्तरं द्यायला लागलीस."

"घर लहान आहे ना, बा. सगळं ऐकू येतं आणि उत्तर निघून जातं."

भाभी खोकल्या. बाहेर पुन्हा पारेखांची बेल वाजली, केयूर पळाला. बिजल ढवळत राहिली. पीठ कडा सोडायला लागलं तसं तिनं ते दगडावर ओतलं. मध्ये जाड झालं, कडेला भोकं पडली. पहिली पट्टी फाटली. दुसरी फाटली. तिसरी कशीबशी अर्धी गुंडाळली गेली.

बांनी बसल्या जागेवरून हात लांब केला, फाटकी पट्टी उचलली आणि तोंडात टाकली.

बिजल बांच्या गळ्याकडे बघत होती.

घास उतरला.

"केवढी मिरची घातलीस!" बांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "पाहुणे खायला बोलावलेत की मारायला? पाणी दे."

भाभींचा हात सवयीनं बांच्या पिशवीत गेला, बाटलीवर.

"ते गरम झालंय," बा खेकसल्या. "माठातलं दे, माठातलं."

बिजलनं दिलं. बांनी पेला उंच धरून वरूनच पाणी तोंडात सोडलं, गटागटा संपवलं आणि रिकामा पेला पुन्हा पुढे केला.

"माठ नवा आहे. मातीचा वास येतोय."

"येतोय, बा."

"कोथिंबीर तरी धुतलीस ना? आण, चिरते."

दगडावरच्या पट्ट्या गार होत चालल्या होत्या. बिजल त्यांच्याकडे वळली.

खाली रिक्षातून उतरताना बांनी रिक्षावाल्याला सांगून ठेवलं होतं, मला खायला-प्यायला वेळ लागेल, लवकर न्यायला येऊ नकोस.