मराठी बहनजींचा ट्रे

अनुसयाबाईंनी वांग्याचं देठ धरून त्याला दोन चिरा दिल्या आणि तिसरी देण्याचा मोह आवरला. तिसरी दिली असती तर वांग्याच्या फोडी झाल्या असत्या, आणि आज त्यांना वांगं अख्खं हवं होतं. तसा राग वांग्यावर नव्हताच. तो दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या निशिगंधा पाटणकरवर होता; पण ती काही देठ धरून हाती लागणारी नव्हती.

स्वयंपाकघराचं दार त्यांनी आतून लावून घेतलं होतं. बाहेर अंगणात त्यांचे यजमान, प्राध्यापक प्रभाकरराव, थंडीतल्या उन्हाला पाठ देऊन पेपर वाचत बसले होते. बायकोनं दार का लावलं असेल असा प्रश्न त्यांना पडला नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला घरात प्रश्न पडत नाहीत.

जेवणाच्या बाबतीत तर प्रभाकररावांकडे दोनच अभिप्राय होते. एक, ‘मीठ आहे.’ दुसरा, ‘मीठ नाही.’ लग्न झाल्यापासून अनुसयाबाई या दोन शब्दांवर नांदत आल्या होत्या, आणि माणूसच तसा आहे अशी त्यांनी मनाची समजूतही घातली होती. शास्त्रीनगरातल्या मराठी बिऱ्हाडांत त्यांच्या हाताला नाव होतं. मिलिटरी स्टेशनातले मेजर सर्जेराव तर त्यांच्या आमटीसाठी जीप घेऊन येत. एवढ्यावर एखादीचं सहज निभावलं असतं, आणि अनुसयाबाईंचंही निभावत होतं. मागच्या महिन्यापर्यंत.

जयपुरातली ही चार-सहा मराठी घरं महिन्यातून एका रविवारी एकेकाकडे जेवायला जमत. मागच्या महिन्यात पाळी होती डॉक्टर हिंदुराव पाटणकरांची. डॉक्टर लिबियात नोकरी करून नुकतेच परतले होते आणि येताना त्यांनी एक ओव्हन आणला होता. आलेल्या प्रत्येकाला ते आधी ओव्हनपाशी नेत. आत तांबडा दिवा लागलेला, काचेमागे एक ट्रे. लोक वाकून बघत, माना डोलवत आणि पुढच्याला जागा करून देत. हात जोडायचेच काय ते बाकी राहत होते.

“एक ट्रे,” डॉक्टर सांगत होते. “भाजी म्हणा, बटाटे म्हणा, सगळं त्यातच. आत सरकवायचा आणि विसरून जायचं. फोडणी नाही, ढवळणं नाही. ही बघा, आमची बाई कशी बसलीय.”

डॉक्टरांची बडोद्याकडची बायको, निशिगंधा, खरंच बसली होती. पाहुणे घरात, आणि घरची बाई दिवाणावर पाय दुमडून गप्पा मारत होती. मग ती उठली, हातांत गुबगुबीत कापडी मोजे चढवले आणि तो ट्रे बाहेर काढला. प्रभाकररावांनी त्यातला एक बटाटा खाल्ला आणि म्हणाले, “वा.”

मिठाचा उल्लेख नाही. नुसतं ‘वा.’

परतताना स्कूटरवर अनुसयाबाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेही प्रभाकररावांच्या ध्यानात आलं नाही. मात्र पुढच्या आठवड्यात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, सगळ्या बायकांसमोर त्या म्हणाल्या होत्या, “ट्रेमधलं जेवण ना? रेल्वेत देतात तसलं. नाहीतर इस्पितळात. डॉक्टरांच्या घरी शोभतं हो.” बायका हसल्या. निशिगंधाही हसली. ती हसली म्हणून अनुसयाबाईंना आणखीच झोंबलं.

एवढं बोलून ठेवल्यावर आता स्वतः ट्रे करायचा, म्हणजे दार लावूनच करायला हवा होता.

या महिन्याची, म्हणजे आज रात्रीची, पाळी अनुसयाबाईंची होती, पण डॉक्टरांनी हट्टानं ती मागून घेतली होती. लोकांना ओव्हन पुन्हा बघायचा आहे, असं त्यांचं म्हणणं. अनुसयाबाईंनी ओठ घट्ट मिटून होकार दिला आणि बेत आखला. पुढच्या महिन्याला आपल्या घरी असा ट्रे मांडायचा की बडोद्याच्या त्या पोरीनं बघत राहावं. त्याची रंगीत तालीम आज. आजच, कारण ओव्हन त्यांच्याकडे नव्हता आणि बाजारातली बिस्किटांची भट्टी घरगुती ट्रे फक्त रविवारी दुपारी घेत असे. जयपुरात ही रीत जुनी. घरून मैदा, तूप, साखर न्यायची, भट्टीवाल्याच्या काळ्या लोखंडी ट्रेत मांडायची आणि नानकटाई भाजून घरी आणायची. नानकटाई भाजते तर वांगं का भाजणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब.

वांग्यांत, बटाट्यांत आणि कांद्यांत मसाला भरून, डबा पिशवीत दडवून त्या भट्टीवर पोचल्या. भट्टीवाले रशीदमियाँ पिठाच्या हातानं चहा पीत होते.

“भैया, हे जरा… यह ट्रे में लगाके भाजना है. नानकटाई नाही. सब्जी है,” अनुसयाबाई शक्य तितक्या हळू म्हणाल्या.

रशीदमियाँनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अच्छा, तो आप हैं मराठी बहनजी! अब तक तो बाई ही लाती थी.”

अनुसयाबाईंना यातलं काही समजलं नाही. मराठी असल्याचं मात्र त्यांनी मान्य केलं. रशीदमियाँनी खडूनं ट्रेच्या कडेला एक खूण ओढली आणि संध्याकाळी यायला सांगितलं.

संध्याकाळी रशीदमियाँनी वर्तमानपत्रानं झाकलेला गरम ट्रे त्यांच्या पुढ्यात सरकवला. “एक बाई ले गई. यह दूसरी आप ले जाइए.”

घरी येऊन, पुन्हा दार लावून, अनुसयाबाईंनी कागद उचलला. आत वांगी नव्हती. फ्लॉवरचे तुरे होते, गाजरं होती, लिंबाच्या चकत्या होत्या आणि कंगव्याचे दात पाडावेत तसे चिरलेले बटाटे होते. मागच्या महिन्यात असाच एक बटाटा ‘वा’ मिळवून गेला होता.

त्या बराच वेळ ट्रेकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. ओव्हन नव्हताच तर! म्हणजे होता, पण दिव्यापुरता. लिबियाहून समुद्र ओलांडून आलेलं जेवण शास्त्रीनगरच्या बाजारात, रशीदमियाँच्या भट्टीत, टोस्टांच्या शेजारी भाजलं जात होतं. त्यांनी ट्रे तसाच फ्रिजमध्ये ठेवला. चवसुद्धा पाहिली नाही. पुरावा कोणी खात नाही.

रात्री पाटणकरांकडे जाताना स्कूटरवर त्यांनी वाक्य तयार केलं. आवाज सहज ठेवायचा. “निशिगंधा, तुमची बाई भट्टीवर दिसली गं आज.” बस. बाकीचं सुमित्राबाई बघून घेतील. सुमित्राबाई मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवत आणि एक धागा मिळाला की सगळी गोधडी उसवत.

पाटणकरांच्या घरी सगळं मागच्यासारखंच होतं. तांबडा दिवा, डॉक्टरांचं प्रवचन, मेजर सर्जेरावांचं मान डोलावणं. फक्त निशिगंधा आज दिवाणावर बसली नव्हती. ती सारखी आतबाहेर करत होती. वेळ झाली तशी तिनं मोजे चढवले, ओव्हनचं दार उघडलं आणि ट्रे टेबलावर आणून ठेवला.

अनुसयाबाईंची वांगी होती ती. काळसर, तुकतुकीत, देठासकट. मसाला कडेनं फुटून बाहेर आलेला. आपल्या लेकराला दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याचे कपडे घालून बसलेलं बघावं, तसं त्यांना झालं.

“अरे वा, आज वांगी?” डॉक्टर म्हणाले. “मला म्हणाली होती फ्लॉवर आहे. ओव्हनमध्ये काय, काहीही होतं.”

पहिला घास घेतल्यावर मेजर सर्जेरावांनी डोळे मिटले. प्रभाकररावांनी अर्धं वांगं खाल्लं, थांबले, उरलेलं अर्धं खाल्लं आणि न विचारता दुसरं ओढून घेतलं.

“वा,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, कोणी विचारलं नसताना, “निशिगंधाबाई, असं वांगं मी आजवर खाल्लं नाही.”

अनुसयाबाईंचा घास तोंडातच राहिला. इतक्या वर्षांत ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य अखेर आलं होतं. पत्ता तेवढा दुसऱ्याचा होता. जळफळाट म्हणावा तर तो कोणावर? वांगी आपली, नवरा आपला, आणि कौतुक त्या बडोदेकरणीच्या पदरात. माणसाला स्वतःचाच मत्सर वाटू शकतो हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि तो इतर कुठल्याही मत्सरापेक्षा कमी टोचत नाही हेही कळलं.

सुमित्राबाईंनी बोट चाटलं. “यात काय वाटून घातलंस गं, निशिगंधा?”

“आपलं… नेहमीचंच,” निशिगंधा म्हणाली.

“नेहमीचं म्हणजे? बडोद्याचं नेहमीचं गोड असतं. हे वेगळंच आहे काहीतरी.”

“सांग की,” डॉक्टर म्हणाले. “लपवतेस काय?”

निशिगंधानं ट्रेकडे पाहिलं. हातातला मोजा तिनं काढला आणि पुन्हा चढवला. तिच्या वरच्या ओठावर, एवढ्या थंडीत, घाम आला होता.

हीच वेळ होती. वाक्य अनुसयाबाईंच्या जिभेवर तयार होतं. ते टाकलं की दिवा विझला असता, डॉक्टरांचं लिबिया बुडालं असतं. आणि ती वांगी माझी, असंही सांगता आलं असतं. प्रभाकररावांसमोर, सगळ्यांसमोर. पण मग सुमित्राबाईंनी लगेच विचारलं असतं की इस्पितळातलं जेवण तुम्ही कधीपासून करायला लागलात, वहिनी?

त्यांनी निशिगंधाकडे पाहिलं. पोरगी मोज्याचा अंगठा पिळत होती.

“कारळे आहेत त्यात,” अनुसयाबाई म्हणाल्या. आवाज ठरवल्याप्रमाणे सहज निघाला. “भाजून घेतलेले. आणि तीळ, सुकं खोबरं. गूळ नाही घातलेला.”

निशिगंधाची मान वळली. दोघींची नजर एकमेकींवर जरा जास्तच वेळ राहिली.

“हो,” निशिगंधा सावकाश म्हणाली. “वहिनींनी बरोब्बर ओळखलं.”

“तिला ओळखता येतं,” प्रभाकरराव तिसऱ्या वांग्याकडे हात नेत म्हणाले. “पण ओळखणं वेगळं आणि हाताला येणं वेगळं.”

जेवणं झाल्यावर ताटं आत नेताना निशिगंधानं दार लोटून घेतलं. आता दार लावायची पाळी तिची होती.

“व्होल्टेजच मिळत नाही हो, वहिनी. दिवा लागतो, पण नुसता कोमट होतो. ह्यांनी विमानात मांडीवर घेऊन आणलाय तो. कसं सांगू?”

“नको सांगूस.”

“आणि माझा ट्रे…”

“आहे. फ्रिजमध्ये.”

“कसा झालाय?”

“नाही खाल्ला,” अनुसयाबाई म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी खरं काय ते सांगितलं. “रागानं.”

निशिगंधानं नळ सोडला आणि काळा ट्रे त्याखाली धरला.

सोमवारी सकाळी, कॉलेजला जाण्याआधी, प्रभाकरराव जेवायला बसले. अनुसयाबाईंनी निशिगंधाचे बटाटे तव्यावर परतून गरम केले, फ्लॉवर आणि गाजरं बाजूला मांडली आणि ताट पुढे सरकवलं.

“हे काय?”

“ट्रेचं. कालच्यासारखं.”

“तू केलंस?”

अनुसयाबाई पोळीला तूप लावत राहिल्या. प्रभाकररावांनी एक बटाटा खाल्ला. मग फ्लॉवर खाल्ला. त्यांनी बराच विचार केलेला दिसला. बिचाऱ्यांना दुखवायचं नव्हतं.

“प्रयत्न चांगला आहे,” नापास मुलाला धीर द्यावा तसे ते म्हणाले. “पण काल निशिगंधाबाईंच्या हातात जे होतं ना, ते नाही आलं.”

“काय होतं तिच्या हातात?”

“आता कसं सांगायचं.” ते पोळीचा तुकडा हातात धरून खिडकीबाहेर बघत राहिले. “घरची चव होती. खाताना आपल्या कराडच्या घरी बसल्यासारखं वाटत होतं. परक्या बाईच्या हाताला अशी चव कशी येते कोण जाणे.”

तुपाचा चमचा अनुसयाबाईंच्या हातात तसाच थांबला. तूप पोळीवर नको तितकं सांडलं, तरी त्यांनी तो हलवला नाही. मग त्यांनी गॅस बंद केला, एक ताटली घेतली, नवऱ्यासमोर बसल्या आणि त्यातलाच एक बटाटा तोंडात टाकला. कड कुरकुरीत होती, आत लोण्यासारखा मऊ. मागून लिंबू लागत होतं आणि अगदी शेवटी, आलं की नाही असं वाटावं इतकं, गोड.

“मला तर फार छान वाटतंय,” त्या म्हणाल्या. “हात हलका आहे. एवढं नाजूक चिरणं सगळ्यांना नाही जमत.”

प्रभाकररावांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

“आपलं आपणच कौतुक करायला लागलीस?”

“मग काय,” अनुसयाबाईंनी आणखी एक बटाटा उचलला. “कोणीतरी करायला हवं.”