बाळाच्या पायाचं माप

"शेंगेनं?" मेल्चोरानं विचारलं. "देवाच्या पायाचं माप तू शेंगेनं घेतलंस?"

इलारियो देवळाच्या फरशीवर गुडघे टेकून बसला होता. एका हातात सोनेरी कातड्याचा चिमुकला बूट, दुसऱ्या हातात बाळयेशूचा लाकडी पाय. बूट टाचेपाशी अडला होता आणि पुढं जायला तयार नव्हता. त्यानं थुंकी लावून पाहिली, मेणबत्तीचं मेण लावून पाहिलं. मी बाळाला काखेत धरून उभा होतो. मी इलारियोच्या थोरल्या पोरीचा धर्मबाप, म्हणून तो मला कोंपाद्रे म्हणतो आणि अशा कामाला हक्कानं बोलावतो.

"सगळं गाव पोरांच्या पायाचं माप काडीनं घेतं," त्याची बायको मेल्चोरा म्हणाली.

"काड्या भिजल्या हुत्या. शेंग हाताशी हुती."

तेवढंच खरं होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं परड्यातली बाकल्याची हिरवीगार शेंग तोडली, बाळाच्या पावलाला लावून नखानं नेमकी खुडली आणि खिशात ठेवली. पुढच्या रविवारी बाजारात ती शेंग बाहेर काढून तिच्या मापाचे बूट आणले. मधल्या आठ दिवसांत खिशातल्या उबेनं शेंग आक्रसून दीड बोट कमी झाली, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. शेंग वाळते हे आमच्या वैयापाता गावात तान्ह्या पोरालाही कळतं. पण माप वाळतं, हे कुणाच्या डोक्यात येणार?

नवे बूट लागलेच कशाला, तर तीही इलारियोचीच करणी. साठ वर्षं बाळाच्या पायात एकच जोड होता. ज्याच्याकडं बाळाच्या मिरवणुकीचा वर्षाचा मान असतो त्याच्या घरी बाळाचे कपडे राहतात. इलारियोनं पेटी चुलीपाशी उबेला ठेवली. आमच्या चुलीपाशी गिनीपिगं पाळलेली असतात. त्यांनी पेटीचा कोपरा कुरतडला आणि एका रात्रीत देवाचे दोन्ही बूट फस्त केले. मेल्चोरानं त्याच आठवड्यात दोन गिनीपिगं भाजून खाऊ घातली. मीही खाल्ली. चवीत फरक नव्हता.

आता हसण्यासारखं वाटतं, पण इलारियोचं तोंड उतरलं होतं, आणि का ते मला ठाऊक होतं. अकरा वर्षं वाट पाहून त्याला मान मिळाला होता. नाताळच्या सकाळी बाळाची मिरवणूक निघते, वरच्या झऱ्यापर्यंत जाते, आणि त्यात बाळ अनवाणी असेल तर गारा बटाट्यावर पडतात असं गाव मानतं. सहा वर्षांपूर्वी सेबेरोच्या मानात बाळाची टोपी वाऱ्यानं उडाली आणि आठवड्यात गारा पडल्या. तेव्हापासून सेबेरोच्या शेतात सावडीला, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या शेतात राबायला, कुणी जात नाही. त्याला कुणी शिव्या दिल्या नाहीत, भांडलं नाही. नुसतं जायचं बंद केलं. दोघं नवराबायको एकटेच बटाट्याच्या बुंध्याशी माती ओढून भर लावतात. गावाचं काम जानेवारीत उरकतं, त्यांचं फेब्रुवारीतल्या कार्निवलपर्यंत चालतं. इलारियोच्या शेताला अजून भर लागायची होती. बेचाळीस सऱ्या. नाताळनंतर दुसऱ्या दिवशी सावड ठरली होती.

दुपारी म्हातारा अन्सेल्मो आला. हा आमच्या देवळाचा राखणदार. पाद्री वर्षातून दोनदा येतो, बाकीचे दिवस अन्सेल्मोच धर्म चालवतो. त्यानं बूट पाहिला, पाय पाहिला, बराच वेळ कोकाची पानं चघळली आणि म्हणाला, "बाळ वाढलंय."

मेल्चोरानं इलारियोच्या खिशातली सुकी शेंग पुढं केली. अन्सेल्मोनं ती हातातही घेतली नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मागच्या वर्षीचा मानकरी म्हणाला, मलाही जुने बूट गेल्या खेपेस तंगच वाटले होते. त्याच्या आधीचा म्हणाला, मी तर तेव्हाच बोललो होतो. बायांनी दुधाची भांडी देवळात आणून ठेवली, वाढत्या अंगाला हवं म्हणून. बाळ वाढतंय म्हणजे बटाटाही पोसणार, असा हिशोब सगळ्यांना पटला. इलारियोला मी विचारलं, तू खरं का सांगत नाहीस. तो म्हणाला, "कोंपाद्रे, शेंगेचं सांगितलं तर मी गाढव. वाढलं म्हटलं तर माझ्या मानाच्या वर्षात वाढलं."

एवढ्यावर त्यानं तोंड मिटलं, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

नाताळच्या आधीचा शेवटचा बाजार रविवारी होता. पुन्हा माप चुकायला नको म्हणून बाळालाच न्यायचं ठरलं. असं कधी झालं नव्हतं, त्यामुळं ते करायची रीतही नव्हती, आणि अन्सेल्मो वाटेत एकेक रीत ठरवत गेला. बाळ ट्रकमध्ये मागं मेंढरांत बसणार नाही. पुढं ड्रायव्हरची सासू बसली होती. तिला उतरवून मागं मेंढरांत बसवलं. म्हातारी सबंध घाटभर देवाला सोडून बाकी सगळ्यांच्या नावानं ओरडत होती.

बाजार नुसता फुलला होता. जो तो कुणाला तरी काहीतरी घ्यायला आलेला. पाळण्याखाली अंथरायच्या शेवाळाचे गठ्ठे, मातीची मेंढरं, चीजच्या चकत्या, दालचिनी घातलेलं गरम दूध, धर्मबापांना द्यायच्या लाल फीत बांधलेल्या कोंबड्या. मला माझ्या बायकोसाठी शालीची टाचणी घ्यायची होती. पण मी बाळाला धरलं होतं, आणि बाळाला एका हातात धरून घासाघीस करता येत नाही.

नीकासियाबाईच्या दुकानात बाळांचे बूट मिरच्यांच्या माळांसारखे टांगलेले असतात. तीस गावांच्या बाळयेशूंना ती बूट पुरवते. तिनं आमच्या बाळाचा पाय हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"हे कुणी कोरलंय?" तिनं विचारलं.

अन्सेल्मो अभिमानानं म्हणाला की आमच्याच गावच्या माणसानं, त्याच्या आज्यानं. तो पायनांगर बनवायचा.

"दिसतंय. मातीत रवायला केलेत जणू. बाकीच्या देवांचे पाय बघा, उंदरावानी. माझ्याकडं एकच साचा हाय बाबा. ह्या मापाचं काय न्हाई."

माणसं थांबून बघू लागली. कुणी विचारलं, देव बाजारात कसा? अन्सेल्मोनं सांगितलं, बूट आखूड पडले, वाढतोय. मग काय विचारता. एका बाईनं विचारलं, दात आले का. अन्सेल्मो म्हणाला, अजून तोंड उघडलेलं नाही. दुसरीनं मेंढीच्या हाडांचा रस्सा पाजायला सांगितला. टोपीवाल्यानं येऊन टोपी चढवली, त्यावर दुसऱ्या टोपीवाल्यानं त्याची टोपी चढवली. हातमोजेवाली म्हणाली, पाय वाढले म्हणजे हातही वाढले असणार. रांग लागली. भेट द्यायला लोक आले होतेच, आता त्यांना द्यायला देव सापडला. अर्ध्या तासात माझ्या पायाशी सहा कोबी, चीज, एक जिवंत टर्की आणि मक्याचं अर्धं पोतं. त्या टर्कीला धरायला इलारियोला बसावं लागलं. आम्ही जे घ्यायला आलो होतो ते सोडून सगळं मिळालं होतं.

मेल्चोरानं तेवढ्यात बाजाराचं दुसरं टोक गाठलं. तिथं तोरिबियो बसतो. ट्रकचे जुने टायर कापून वहाणा करतो. आम्ही सगळे त्याच्याच वहाणा घालतो. तिनं त्याला हाताला धरून आणलं.

अन्सेल्मो ऐकेना. तीस गावांचे देव सोनेरी बुटांत मिरवतात आणि आपला टायरात? त्यानं काठी आपटली.

"ताइता," इलारियो खालून म्हणाला, टर्कीला छातीशी धरून, "तुमच्या पायात काय हाय?"

अन्सेल्मोनं खाली पाहिलं. त्याच्या पायात तोरिबियोच्याच वहाणा होत्या, डावीचा पट्टा तारेनं बांधलेला. त्यानं काठी काखेत मारली. म्हणजे ठरलं.

तोरिबियोनं डोळ्यांनीच माप घेतलं आणि सुरी चालवली. पण सभोवती वीसएक आया उभ्या होत्या, आणि वाढत्या पोराला नेमक्या मापाचं पायताण घ्यायला कुठली आई देईल? एक म्हणाली, थोडं जास्त ठेव. दुसरी म्हणाली, दोन वर्षं तरी गेली पाहिजेत. तोरिबियोनं इलारियोला विचारलं, "कसं करू? नेमकं का वाढीव?"

मेल्चोरानं नवऱ्याकडं असं पाहिलं की मी असतो तर तिथल्या तिथं खरं बोललो असतो. नेमकं म्हणायचं तर बाळ वाढत नाही असं म्हणावं लागणार होतं, आणि सगळं वैयापाता शेजारी उभं होतं.

"वाढीव," इलारियो म्हणाला.

दोन बोटं वाढीव झाली.

नाताळच्या सकाळी मिरवणूक निघाली. पहाटे पाऊस पडून गेला होता आणि माती लोण्यासारखी झाली होती. वाट मानकऱ्याच्या शेतातून जाते. चौघांनी पालखी उचलली, पुढं बासरी आणि ढोल, मागं गाव. इलारियोनं वहाणांत लोकर कोंबली होती. त्याच्या शेताच्या मधोमध पुढच्या दोघांचे पाय घसरले, पालखी कलली, बायांनी बाळाला धरलं, सगळं सावरलं आणि आम्ही चालत राहिलो. वरच्या बांधावर आल्यावर अन्सेल्मोनं वळून पाहिलं.

बाळाच्या उजव्या पायात काही नव्हतं.

ढोल थांबला. शिखरामागून ढग येत होता, काळा, खालून पांढुरका. त्या रंगाचा ढग आम्ही ओळखतो. अन्सेल्मो म्हणाला, पालखी इथून एक पाऊल हलणार नाही, पुढंही नाही आणि मागंही नाही. इलारियो बांधावर बसला. लोक त्याच्याकडं पाहत नव्हते, आणि तेच वाईट होतं. सेबेरोच्या बाबतीतही असंच सुरू झालं होतं.

मग सेबेरोच पुढं आला. सहा वर्षं मिरवणुकीत शेवटी चालणारा माणूस. त्यानं पोंचो काढला, पहिल्या सरीत गुडघ्यावर बसला आणि हातांनी चिखल उलथायला लागला. त्याची बायको दुसऱ्या सरीत उतरली. ते बघून मी तिसरीत उतरलो. मग सगळेच.

पालखी कलली तिथं वहाण दिसत नव्हती; ती कुठल्याही सरीत चिखलात खोल गेलेली असणार, म्हणून सरीतली माती उपसल्याशिवाय कळणार नव्हतं. उपसलेली माती टाकायची कुठं? पायाखाली टाकली तर पुन्हा तीच शोधावी लागणार. ती आपोआप झाडाच्या बुंध्याशी जात होती. आणि बटाट्याच्या बुंध्याशी माती गेली की आमच्या हातांना ती थापल्याशिवाय राहवत नाही. दहा सऱ्या झाल्यावर कुणीतरी घरून कुदळी आणल्या. बासरीवाल्याला बसवत नव्हतं म्हणून तो बांधावरून वाजवायला लागला, भर लावताना वाजवतात तेच. मेल्चोरा पहिल्या सरीपासून पुढं पुढं होती, प्रत्येक सरीच्या तोंडाशी उभी राहून म्हणत होती, "नीट बघा, खालपर्यंत बघा, सोडू नगा."

ढग डोक्यावर आला. बेचाळिसावी सरी उरली होती. मेल्चोरा त्यात वाकली, आणि उठली तेव्हा वहाण तिच्या हातात होती.

अन्सेल्मोनं ती दोन्ही हातांवर घेतली. उलटून पाहिली. कुठंच मातीचा कण नव्हता. त्यानं ती वर धरून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, सगळं गाव चिखलात लोळलं, पण देवाच्या पायताणाला डाग नाही. लोक मातीच्या हातांनी छातीवर क्रूस करत होते. इलारियो रडत होता. तेवढ्यात ढग फुटला, आणि जे पडलं ते नुसतं पाणी होतं, मोठमोठे थेंब, गार वारा. पालखी झऱ्याकडं निघाली. इलारियोनं सेबेरोचा खांदा धरून त्याला पुढच्या दांडीला लावलं, आणि बाकीच्यांनी सरकून त्याला जागा दिली.

मी मागं राहिलो. मेल्चोरा बांधावर घागऱ्यांचे पदर पिळत होती. आमच्या बाया कमरेला सात-आठ घागरे एकावर एक नेसतात. त्यात काय काय बसतं ते त्यांनाच ठाऊक.

"कोमाद्रे," मी हळूच विचारलं, "खरं कुठल्या सरीत गावली?"

तिनं शेत पाहिलं. बेचाळीस सऱ्या, वरपासून खालपर्यंत, एकसारख्या भरलेल्या, पाणी मधून सरळ वाहतंय.

"पालखी कलली तिथंच," ती म्हणाली. "पर एवढी माणसं हात मोकळे करून उभी हुती, कोंपाद्रे. म्हटलं, जरा शोधू द्या."

आणि तिनं बांधाआडून घागर काढून मला चिचाचा, मक्याच्या दारूचा, वाडगा भरून दिला, सावडीला आलेल्याला देतात तसा.