चकाचक वसाहत

शाळेसाठी राखलेली मोकळी जागा बघायला शिक्षण खात्याचे साहेब येणार म्हटल्यावर आमच्या सेक्रेटरींच्या अंगात आलं. "वसाहत कशी आरशासारखी लख्ख दिसली पाहिजे!" झालं. जिन्यांतल्या तीनचाकी सायकली गच्चीवर गेल्या, भिंतींवरची खडूची चित्रं पुसली गेली, दोऱ्यांवरचे इवलेसे फ्रॉक आत आले. मीही शिवणयंत्र बंद करून पदर खोचला.

माझी चिमी पहिलीत आहे. तिची शाळा हायवेच्या पलीकडे, आणि हायवेला ना पूल, ना सिग्नल. म्हणून आम्ही आया आळीपाळीने सगळ्या मुलांची ने-आण करतो. आज आणायचं काम माझ्याकडे होतं. साहेब यायचे होते सकाळी, उगवले शाळा सुटायच्या तोंडावर.

माझा जीव टांगणीला लागला. निघाले, तर सेक्रेटरींनी अडवलं. "वहिनी, दोनच मिनिटं! तुमच्यासारखं बोलणारं आहे कोण इथे?"

साहेबांनी सगळीकडे नजर फिरवली. "छान ठेवलीय हो वसाहत. पण मुलं काही दिसत नाहीत. शाळा हवीय कुणाला?"

सेक्रेटरींचा चेहरा पडला. आमच्याच हातांनी आम्ही पोरं पुसून टाकली होती. माझं डोकं सणकलं.

"मुलं बघायचीत ना? मग काढा गाडी. पलीकडे माझी वाट बघत उभी असतील."

साहेबही कसे कोण जाणे, तयार झाले. मी मागे बसले आणि ड्रायव्हरमागे लकडा लावला, "दादा, जरा लवकर!" शाळा केव्हाच सुटली होती.

हायवेवर वळलो आणि करकचून ब्रेक लागला. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. वर पाहिलं तर भर रस्त्यात, एकमेकांचे हात धरून मुलांची रांग, आणि गाडीपासून वीतभर अंतरावर माझी चिमी. माझी वाट बघून कंटाळली आणि आपली आपण निघाली होती सगळी.

ड्रायव्हर खाली उतरला आणि ढसाढसा रडायलाच लागला. मला दार कसं उघडतात तेही सुचेना.

चिमीला मी दिसलेच नव्हते. तिने ड्रायव्हरचा हात धरला आणि मोठ्या बाईसारखं समजावलं, "काका, रडू नका. लागलं नाही ना कुणाला? मग घरी सांगायचं नाही. गाडी अशी अंगावर आली की माझी आई दर वेळी असंच सांगते."