चढावर वाजलेलं इंजिन

व्हर्गिल कॉब इंजिनं बांधायचा आणि त्याची बायको लोरेटा त्याचे कान होती. यातली पहिली गोष्ट टेनेसीच्या त्या डोंगरपट्ट्यात सगळ्यांना ठाऊक होती, दुसरी कुणालाच नाही.

जाड आवाज त्याला अजून ऐकू यायचे. ट्रकचा भोंगा, पाद्र्याचं प्रवचन, इंजिनाची घरघर. बारीक आवाज मात्र गेले होते. किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडायची आणि हा शेजारी बसून पेपर वाचायचा. नीट ऐकू आलं नाही की तो हसून नुसतं 'हूं' म्हणायचा. गिऱ्हाईक बोललं की लोरेटा तेच जरा मोठ्यानं, स्वतःशीच बोलल्यासारखं परत बोलायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी तिनं ती झाकली होती.

डेंटन प्रुइट आपली जुनी गाडी घेऊन आला तेव्हा पिस्टन त्यानं आधीच विकत आणले होते, उंच डोक्याचे, भरपूर कॉम्प्रेशन देणारे, म्हणजे आतला दाब वाढवणारे. झडपा उघडमीट करणारा कॅम तेवढा व्हर्गिलनं घालायचा होता.

"पण कॅम मवाळ घाला, मिस्टर व्हर्गिल. आत्ताच्या मोठ्या कॅमनं सिग्नलला उभी राहिली की गाडी नुसती गदागदा हलते. केल्सीला सातवा महिना लागलाय. म्हणते, गाडी तरी ठेव नाहीतर मला तरी."

व्हर्गिल हसला. "अरे बाबा, कॉम्प्रेशन आणि कॅम म्हणजे नवरा-बायको. एकाचं डोकं तापट असलं तर दुसऱ्यानं थोडी वाफ जाऊ द्यायची. मोठा कॅम झडप उशिरा मिटतो, थोडा दाब सुटतो. तुझा मवाळ कॅम ती लवकर मिटणार, सगळा दाब आतच कोंडणार. पंपावरच्या पेट्रोलला तो सोसायचा नाही. ते वेळेआधी आपल्या आपणच पेटेल, आत बारीक खडखडेल आणि पिस्टन फोडेल."

"म्हणजे पिस्टन बदलायचे? पुन्हा खर्च?"

पूर्वीचा व्हर्गिल 'हो, बदल' म्हणून मोकळा झाला असता. पण हल्ली कामं कमी झाली होती आणि घमेंड वाढली होती.

"राहू दे. ठिणगी थोडी उशिरा पाडू. चढावर नेऊन, खडखड थांबेपर्यंत कानानं जमवतो. चाळीस वर्षांत हे कान कधी खोटं बोलले नाहीत."

कॉफी ओतणारा लोरेटाचा हात थांबला. मग तिनं कप भरून गिऱ्हाइकापुढे सरकवला.

इंजिन बसवून झाल्यावर चर्चमागच्या चढावर डेंटनच्या गाडीत ती नेहमीसारखी शेजारी बसली. व्हर्गिलनं पाय पुरता दाबला आणि अर्ध्या चढावर ती खडखड सुरू झाली. पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवाव्यात तसा आवाज, बारीक, कोरडा. इंजिनवाल्याच्या घरात जन्म काढलेल्या बाईला तो कळणार नाही तर कुणाला?

"ऐक, लोरे," व्हर्गिल खूश होऊन म्हणाला. "कसं लोण्यासारखं चाललंय!"

तिनं तोंड उघडलं. सांगितलं तर तो आजच शटर ओढणार आणि त्याच्या भावासारखा ओसरीतल्या खुर्चीत बसून मरणाची वाट बघणार. तिला त्याची फार कीव आली.

"छान," ती म्हणाली. डेंटन सावकाश चालवतो, घरात मूल येणार आहे, असं तिनं मनाला बजावलं. स्वतःची समजूत घालायला बसलं की कारणांना तोटा नसतो.

मूल यायच्या आधीच डेंटन गेला. लाकडाच्या ट्रकला मागे टाकायला तो समोरच्या लेनमध्ये शिरला, तिथेच पिस्टन फुटला, इंजिनातला जोर गेला, आणि समोरून दुसरा ट्रक आला. लोरेटानं केल्सीसाठी मक्याचा कॉर्नब्रेड भाजला होता. तो नेऊन द्यायची तिला हिंमत झाली नाही.

शेवटी केल्सीच गॅरेजवर आली, पोटावर हात ठेवून. डेंटनच्या गाडीचं उघडलेलं इंजिन टेबलावर होतं.

"लोक म्हणतात त्यानं स्वस्तातलं पेट्रोल भरलं," ती म्हणाली. "मिस्टर व्हर्गिल, चूक त्याचीच होती का?"

"त्याचीच होती का, विचारतेय," लोरेटा सवयीनं म्हणाली आणि स्वतःच दचकली.

व्हर्गिलनं पिस्टनचा तुटका तुकडा उचलला, अंगठ्यानं चाचपला. त्याचे डोळे भरून आले होते. "पोरी, वाईट वाटतं सांगायला. पेट्रोलच खराब असणार. मी दिलं तेव्हा इंजिन लोण्यासारखं होतं. हे कितीतरी दिवस वाजत असणार. त्यानं ऐकायला हवं होतं."

केल्सीनं मान खाली घातली. जन्माला येणारं पोर हेच ऐकत मोठं होणार होतं, बापानं स्वतःच्या हातानं जीव घालवला म्हणून.

"ते चढावरच वाजत होतं, व्हर्ज," लोरेटा म्हणाली. "मी ऐकलं होतं."

केल्सीनं झटकन वर पाहिलं. व्हर्गिल बायकोकडे बघून नेहमीसारखा हसला आणि म्हणाला, "हूं."

मग लोरेटानं त्याचा हात धरला, आणि तेच, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडून, पुन्हा सांगितलं.