आधी तुम्ही खावा

संयोगिताने तिखट रश्श्यात बुडवलेला भाकरीचा तुकडा ताटात घातला आणि ताट स्वयंपाकीणबाईंपुढे सरकवलं.

"पारूबाई, आधी तुम्ही खावा. मग ह्यांना वाढू."

पारूबाई बघतच राहिल्या. या घरात स्वयंपाक करायला लागून त्यांना अकरा वर्षं झाली होती. भांड्यातलं चाखून बघायला सक्त मनाई. मीठ-तिखट सगळं हाताच्या अंदाजानं. त्यांचं ताट, त्यांचा कप मागच्या गॅलरीत वेगळा. कारण कुणी सांगितलं नव्हतं. ते न कळण्याइतक्या त्या खुळ्या नव्हत्या. आणि आज घरातलं ताट?

"का वो, वैनी?"

"राग मानू नका. काल मालिकेत बघितलं. त्या स्वयंपाकीणबाईनं मालकाच्या आमटीत विष कालवलं की. तीबी जुनीच हुती, विश्वासातली."

टेबलाशी बसलेल्या हंबीररावांनी मोबाइलमधून मान वर काढली नाही. त्यांच्या आजारपणात महिनाभर पारूबाईंनी मऊ भात करून घातला होता. तो खाणारं तोंड आता गप्प होतं.

पारूबाईंची कानशिलं तापली. कुठली कोण नटी पगार घेऊन खोटंखोटं विष कालवते, आणि गुन्हेगार ठरायचं कुणी? विष पडद्यावरून या घरात आलं होतं खरं, पण ते रश्श्यात नव्हतं.

त्यांनी हात पुसले. ताट उचललं, हंबीररावांच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसल्या.

"तुकड्यानं काय कळतंय? नीट वाढा."

संयोगिताने अख्खी भाकरी आणि मटणाच्या चार फोडी वाढल्या. पारूबाई सावकाश जेवल्या, नळी ओढून खाल्ली.

"मीठ बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

हंबीररावांच्या पोटात कावळे ओरडत होते. "किती वेळ थांबाय लागंल?"

"मालिकेत त्याला किती येळ लागलाता, वैनी?" पारूबाईंनी विचारलं.

"जाहिराती संपूस्तोवर," संयोगिता पुटपुटली.

"मग हाय की येळ." पारूबाईंनी रिकामं ताट पुढं केलं. "आनि एक भाकरी वाढा."

संयोगिताने नवऱ्याकडे पाहिलं. तिने फडक्यातली गरम भाकरी काढून पारूबाईंच्या ताटात वाढली, आणि पाहुण्यांना विचारायच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं,

"रस्सा घालू?"